दुष्काळातला गडगडाट

गोव्यातल्या आमच्या कोरगावात नाटक मराठीत होतं आणि त्यावरची भांडणं कोकणीत. हे कोणी ठरवलेलं नाही, पण दोन्ही भाषांना आपापलं काम नेमून दिल्यासारखं वर्षानुवर्षं चाललं आहे. जत्रेला देवळासमोर मांडव घालायचा, गावातल्याच लोकांनी दाढ्यामिश्या चिकटवायच्या आणि नाटक करायचं, असा शिरस्ता. समोर माणसं बसलेली असली तरी नाटक खरं म्हणजे देवाला दाखवायचं असतं, त्यामुळे ते वाईट झालं तरी कोणी मनाला लावून घेत नाही. देव काही बोलत नाही आणि प्रेक्षकांतले निम्मे नटांच्या घरचे असतात.

मोबाईलला बटणं होती तेव्हाची ही गोष्ट. मी साखळीला एका वर्गात पोरांना कॉम्प्युटर शिकवायचो आणि शनिवारी बस बदलत बदलत गावी यायचो. एवढ्या भांडवलावर गावात मी तज्ज्ञ झालो होतो. टीव्हीचा रिमोट चालेना, मिक्सरचं पातं अडकलं, पंप पाणी ओढेना, की मला बोलावणं. मला यातलं काही येत नाही असं सांगितलं तर लोकांना तो माजोरीपणा वाटायचा. म्हणून मीही जाऊन पंपाकडे थोडा वेळ गंभीरपणे बघून यायचो.

त्या वर्षी नाटकाचा पत्रा नाहीसा झाला. पत्रा म्हणजे ढगांचा गडगडाट. विंगेत टांगून हलवला की मेघगर्जना व्हायची. घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या आणि पावसासाठी सुपात घोळवायचे तांदूळ, असा आमचा सगळा ध्वनिविभाग होता, आणि त्यात पत्रा सर्वांत मोठा. तो वर्षभर काकांच्या परसात पडून असायचा. तालमी सुरू व्हायच्या आधी मंडळी आणायला गेली तर काकीने तो कोंबड्यांच्या खुराड्यावर घालून वर दगड ठेवले होते.

"नाटक वर्सातल्यान एकदा," काकी म्हणाली. "पावस चार म्हयने. कोंबड्यांनी काय करूचा?"

मंडळी रिकाम्या हातांनी परत आली. काकीचं नाटकाशी जुनं वैर. काकांच्या दाढीचा डिंक उशीच्या अभ्र्याला लागतो, तालमीमुळे जेवणं खोळंबतात आणि घरी येऊनही हा माणूस ताट सरकवताना मुजऱ्याची वाट बघतो, असं तिचं म्हणणं. शेवटचा आरोप मी स्वतः पाहिलेला आहे.

काका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. सगळी नोकरी बसवर कंडक्टर म्हणून केली. त्यांचा आवाज मांडवाच्या शेवटच्या खांबाच्याही मागे, पार रस्त्यापर्यंत जायचा. राजाचं काम हा आमच्या घराण्याचा मान, आजोबांनंतर तो काकांकडे आला. नाटक कोणतंही असो, त्यात राजा लागायचाच. एकदा नव्या पोरांनी हट्टाने सामाजिक नाटक घेतलं. त्यात राजा नव्हता. मग नायकाला दुसऱ्या अंकात स्वप्न पडायची व्यवस्था केली आणि स्वप्नात काका मुगुट घालून येऊन उपदेश करून गेले.

तर पत्रा गेला आणि नाटक होतं नेमकं दुष्काळाचं. राज्यात पाऊस नाही, प्रजा तहानलेली, राजा चिंतेत. शेवटच्या प्रवेशात राजा आकाशाकडे हात करतो, आभाळ गडगडतं आणि पाऊस येतो. सगळं नाटक त्या एका गडगडाटासाठी लिहिलेलं. नाटक बसवणारे मास्तर पेडण्याच्या बाजूला हायस्कुलात शिकवायचे. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तुझ्या कॉम्प्युटरातून होईल का काही?"

हा प्रश्न पंपापेक्षा सोपा होता. पणजीला हॉटेलांत संगीत वाजवणारा माझा एक मित्र होता, त्याच्याकडे चौकोनी रबरी बटणांची एक पाटी पडून होती. ती लॅपटॉपला जोडायची, प्रत्येक बटणाला एक आवाज द्यायचा आणि प्रयोग चालू असताना बोटाने दाबायचं. टेप लावून नटांना तिच्यामागे पळवण्यातलं हे नव्हे. नट थांबला तर आपण थांबायचं, नटाने टाळी वाजवली तर आपण वीज पाडायची. मला हे इतकं आवडलं की साखळीच्या वर्गातल्या पोरांना त्या महिन्यात मी काय शिकवलं ते त्यांनाही आठवत नसेल.

आवाज गोळा करायला सुरुवात केली. गडगडाट इंटरनेटवरून उतरवला, तो भारीच होता. घोडा उतरवला, पण तो फार परदेशी खिंकाळायचा. शंख भटजींकडून फुंकून घेतला. प्रत्येक बटणावर चिकटपट्टी लावून मी मराठीत नाव लिहिलं.

राहिली प्रजा. पुस्तकात लिहिलं होतं, 'दरबार खच्चून भरलेला.' आमच्याकडे प्रजेला मिळून चार जण, कारण गावातले निम्मे तरुण बोटीवर नोकरीला आणि उरलेले म्हापशाला संध्याकाळच्या ड्यूटीवर. राजा बोलला की दरबाराने 'होय महाराज' म्हणायचं, तर ही चौघं म्हणायची आणि ते आजारी माणसाने औषधाला हो म्हटल्यासारखं वाटायचं.

तोडगा मलाच सुचला आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. आमच्याकडे कोणतंही काम देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. गावचे मानकरी देवासमोर उभे राहून एकेक मागणं मागतात, आणि प्रत्येक मागण्याच्या शेवटी जमलेला गाव एका आवाजात म्हणतो, "व्हय म्हाराजा." ते म्हटलं की मागणं साऱ्या गावाचं झालं. त्यातून मग कोणाला अंग काढून घेता येत नाही. तालमीचा नारळ फोडताना गाऱ्हाणं झालं तेव्हा मी लॅपटॉप घेऊन सभामंडपात उभा राहिलो आणि तो गजर टिपून घेतला. बायाबापड्या, म्हातारेकोतारे, सगळे त्यात होते. मास्तर माझ्या अगदी शेजारी उभे होते, त्यामुळे त्यांचा आवाज सर्वांत ठळक आला. प्रजा तयार झाली. 'होय महाराज' आणि 'व्हय म्हाराजा' यांतला फरक आमच्या देवाला खटकण्यासारखा नव्हता.

तालमीत पहिला घोळ तलवारीचा झाला. लॅपटॉप जुना, त्यामुळे बटण दाबल्यावर आवाज जरा विचार करून यायचा. लाकडी तलवारी भिडायच्या, गप्प दूर व्हायच्या आणि मग खणखणाट. मी यंत्र दुरुस्त करायच्या मागे लागलो, पण काकांनी आपला उपाय काढला. तलवार भिडली की ती तशीच धरून ठेवायची, आवाज आला की सोडायची. सेनापतीचं काम करणारा वीजखात्यातला पोरगा बिचारा त्यांच्यासमोर हात वर करून ताटकळत राहायचा. लढाई दोन म्हाताऱ्यांनी बसमध्ये दांडी धरावी तशी दिसायची. शेवटी मी यंत्र सुधारलं तरी काका थांबायचे ते थांबायचेच.

दुसरा घोळ हसण्यासारखा नव्हता. काका बोलायचं विसरायला लागले होते. आमच्याकडे पाठांतर कोणाचंच कडक नसतं, विंगेतून वाक्य सांगितलं की नट उचलतो. पण काकांना सांगितलेलं वाक्यही पोचत नव्हतं. मधेच डोळे रिकामे व्हायचे आणि ते समोरच्या माणसाकडे असे बघायचे, की तो प्रधान आहे की कोण हेही ठाऊक नसावं. थोड्या वेळाने गाडी पुन्हा सुरू व्हायची. मला ते बघवत नसे, म्हणून मी तेवढा वेळ वायरी तपासायचो.

मग नाटकाच्या समितीची बैठक झाली. मास्तर सज्जन माणूस, त्यांनी फार नरमाईने विषय काढला. या वर्षी काकांचंच काम, पण पुढच्या वर्षापासून मुगुट वीजखात्यातल्या पोराकडे द्यावा. काकांचा मान राहावा म्हणून त्यांना राजाच्या वडिलांचं काम द्यावं.

"राजाच्या बापाक काम काय आसता?" मानकऱ्यांनी विचारलं. गाऱ्हाणं घालणारे हे मुख्य मानकरी काकांचे लहानपणापासूनचे दोस्त.

मास्तर जरा घुटमळले. राजाचा बाप नाटक सुरू व्हायच्या आधीच वारलेला असतो. दरबारात त्याची तसबीर टांगलेली असते. चौकट मोठी करून तिच्यामागे काकांना बसवता येईल, असं त्यांच्या मनात होतं.

काका समितीचं ऐकणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. देवाचं मात्र ऐकतील. म्हणून ठरलं की प्रयोगाआधीच्या गाऱ्हाण्यातच मानकऱ्यांनी हे घालायचं, गावाने व्हय म्हणायचं, आणि विषय संपवायचा. मानकऱ्यांनी मान हलवली. मीही हलवली. मला वाईट वाटत होतं, पण मास्तर चुकीचं बोलत आहेत असं काही मला म्हणता येईना.

ही बातमी आमच्या घरात काकांखेरीज सर्वांना कळली. काकीसमोर विषय काढायचं मी टाळत होतो, पण ती एका तालमीला काकांचं औषध घेऊन आली आणि माझ्या टेबलाशी थांबली. असं कधी झालं नव्हतं.

"हेच्यात काय काय आसा?" तिने विचारलं.

मी हरखून एकेक बटण दाबून दाखवलं. घोडा, शंख, पाऊस, गडगडाट. तिला कशाचंच कौतुक वाटलेलं दिसलं नाही. मग तिने स्वतः बोट ठेवलं ते प्रजेच्या बटणावर. सारा गाव लहानशा स्पीकरमधून ओरडला. काकी दचकली, मग कान लावून पुन्हा एकदा दाबलं.

"माजोय आवाज आसा हेच्यात."

"आसा काकी. सगळ्यांचोच आसा."

"बरां," ती म्हणाली आणि औषध द्यायला गेली.

जत्रेच्या दिवशी दिवेलागणीला मांडव भरला. मला टेबल मिळालं ते रंगमंचाच्या बाजूला, आणि प्लग मिळाला तो शेजारी गुळाची खाजी विकणाऱ्या दुकानदाराच्या बल्बाशी भागीत. त्याचा बल्ब हलला की माझा लॅपटॉप उचक्या देई. पोरं बटणं दाबायला टपलेलीच होती, म्हणून कोणीतरी राखणीला हवं होतं. काकी स्वतःहून येऊन बसली. मांडीवर खाज्यांचा पुडा, चेहरा नेहमीसारखाच वैतागलेला. मला वाटलं, जत्रेपुरतं वैर सोडलं असेल.

गाऱ्हाणं सुरू झालं. देवाकडे तोंड करून मानकरी उभे, हातात माईक. त्यांच्या बाजूला काका हात जोडून उभे. ते रंगून तयार होते, डोक्यावर मुगुट, गालाला दाढी. आमच्या देवाला ते कपडे सवयीचे आहेत. मानकऱ्यांनी मागितलं, काजूला मोहोर राहू दे. गाव म्हणाला, व्हय म्हाराजा. बोटीवरच्या पोरांना सुखरूप ठेव. व्हय म्हाराजा. आजचा खेळ गोड मानून घे. व्हय म्हाराजा. तेवढ्यात खाजेवाल्याने बल्ब हलवला, लॅपटॉपची वायर निसटली आणि मी टेबलाखाली शिरलो.

पुढचं मी टेबलाखालूनच ऐकलं.

"आणि बा देवा म्हाराजा," मानकरी म्हणाले, "आज पावेतो ह्यो मुगुट ह्या तुज्या लेकराच्या माथ्यार रवलो." इथे ते थांबले. सगळा गाव पुढच्या वाक्यासाठी तोंड उघडून तयार होता, ठरलेलं होतं ना. "हेच्या फुडेय, तेचे हातपाय हलतत तोवर, तो तेच्याच माथ्यार रवांदी रे म्हाराजा."

मुगुट काकांकडेच राहू दे, हे ठरलेलं नव्हतं. गाऱ्हाण्यात मध्येच कोणाला बोलता येत नाही आणि व्हय म्हणायला कोणाची जीभ उचलेना. मी वायर घट्ट बसवली. माझ्या डोक्यावर टेबलाची फळी जराशी हलली.

"व्हय म्हाराजा."

दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्पीकरांतून सगळा गाव बोलला. खरा गाव कधी बोलला नसेल इतक्या जोरात. खाजेवाल्याच्या हातातला झारा खाली पडला. मी धडपडत बाहेर आलो तर काकी खाज्याचा तुकडा मोडत होती आणि लोक एकमेकांकडे बघत होते. प्रत्येकाला त्या आवाजात आपला आवाज ऐकू आला होता. मी तर बोललो नाही, असं एकेकाच्या तोंडावर दिसत होतं, आणि मग हळूहळू, बोललोच असेन, असं दिसायला लागलं. गाव व्हय म्हणाला आणि आपण एकटेच गप्प राहिलो, असं देवासमोर कबूल कोण करणार?

मास्तर तेवढे पुढे आले. "हे यंत्रातून आलं," ते म्हणाले. "मी काही बोललो नाही."

"मास्तर," मागून एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "तुमचोच आवाज सगळ्यांत व्हडलो आयकाक इलो."

ते खरंच होतं, त्यामुळे मास्तरांना पुढे काही सांगता येईना. मानकऱ्यांनी देवाकडे जोडलेले हात डोळ्यांना लावले. "देवान आयकला," ते म्हणाले, आणि नारळ फोडला. काकांनी इकडे तिकडे बघितलं. काय डाव होता आणि तो कसा मोडला यातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं. आपला मान गावाने पुन्हा एकदा वाजतगाजत दिला एवढंच त्यांना कळलं होतं, आणि ते त्यांना स्वाभाविकच वाटलं.

नाटक सुरू झालं. आता काका विसरले तर मास्तर बरोबर ठरणार होते, आणि तेही देवाच्या साक्षीने. पहिला प्रवेश निभावला. दुसऱ्यात राजा प्रधानाला कोठारांतल्या धान्याविषयी विचारतो. काका म्हणाले, "प्रधानजी," आणि थांबले. डोळे रिकामे झाले. विंगेतून वाक्य आलं, ते त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. पुन्हा आलं. पुढच्या रांगेत कोणीतरी खाकरलं.

माझं बोट आपोआप गडगडाटावर गेलं.

राज्यात पावसाचा थेंब नव्हता, नदी आटली होती, आत्ताच एक शेतकरी येऊन तसं रडून गेला होता. आणि आभाळ असं गरजलं की मांडवाच्या झावळ्या थरथरल्या. काका भानावर आले. त्यांनी वर बघितलं, छातीवर हात ठेवला आणि अगदी राजाच्या थाटात म्हणाले, "पाऊस येणारसा दिसतो, प्रधानजी."

प्रधान हुशार निघाला. "होय महाराज, पण आपण कोठारांतल्या धान्याविषयी काही विचारणार होतात," तो म्हणाला. "विचारणार होतो," काका म्हणाले, आणि गाडी सुरू झाली.

त्या नाटकात आभाळ किती वेळा गरजलं याचा हिशेब कोणी ठेवला नाही. राजा थांबला की गडगडाट, गडगडाट झाला की "पाऊस येणारसा दिसतो, प्रधानजी," आणि प्रधान पुढचं वाक्य हळूच हातात देई. अर्ध्या नाटकानंतर लोक त्या वाक्याची वाट बघायला लागले. शेवटच्या प्रवेशात नाटकातला ठरलेला पाऊस आला तेव्हा त्याचं कोणाला नवल राहिलं नव्हतं, पण टाळ्या पडल्या. मास्तरसुद्धा टाळ्या वाजवत होते. त्यांचा चेहरा मात्र गणित सुटलं पण रीत चुकली असं म्हणणाऱ्या मास्तराचाच होता.

मांडव रिकामा होत असताना मी काकीला गाठलं. "बटण तू दाबलंस."

"माका वाचूक येता," ती म्हणाली. एवढंच.

"आणि मानकऱ्यांनी वेगळंच म्हटलं, ते?"

"तेचेकडे काल गेल्लंय. तो म्हणालो, लोक व्हय म्हणाचे नाय. म्हटलंय, तू म्हण. लोकांचा मी बघतंय."

मी हसायला लागलो. ती हसली नाही. पुड्यातली उरलेली खाजी पदरात बांधत ती म्हणाली, "घरात तो दिसभर गप आसता. काय विचारूक गेलो तर आठवाना, म्हणान विचारीनासोच झालो. तालमीक गेलो काय तेवढो बोलता. मुगुट काढून घेतलो तर बोलतलो खंय?"

इतकी वर्षं डिंकाच्या अभ्र्यावरून कुरकुरणाऱ्या बाईच्या तोंडून मी हे ऐकत होतो. काकांना विसरायला होतं हे मला फक्त रंगमंचावरचं माहीत होतं. घरातलं मी कधी विचारलंही नव्हतं. मी उगाच वायर गुंडाळत राहिलो.

"नाटकात तो विसारलो तर तू गडगडाट करतंस," काकी म्हणाली. "घरात कोण करतलो?"

तिने कमरेच्या बटव्यातला मोबाईल काढून माझ्यासमोर धरला. "घाल हेच्यात."

मी गडगडाट त्यात घातला. कोणतं बटण धरून ठेवायचं ते दाखवलं. तिने एकदा वाजवून बघितला, लहान वाटतो म्हणाली, पण चालेल म्हणाली.

पुढे चतुर्थीला मी गेलो तेव्हा ओसरीवर म्हापशाचे पाहुणे बसले होते. काका त्यांच्याशी छान बोलत होते. मग त्यांना आपल्या जावयाची ओळख करून द्यायची होती. "हे आमचे," ते म्हणाले, आणि थांबले. जावई समोरच होता. काकांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्यांचा चेहरा भीतीने लहान झाला. पाहुणे चपलांकडे बघायला लागले.

आत स्वयंपाकघरात, भांड्यांच्या मागे कुठेतरी, बारीकसा गडगडाट झाला.

काकांनी वर आढ्याकडे बघितलं. पाठ सरळ केली.

"पाऊस येणारसा दिसतो, प्रधानजी," ते म्हणाले.

सगळे हसले, काका सर्वांत जास्त. जावई उठून उभा राहिला, त्याने मुजरा केला आणि आपलं नाव आपणच सांगितलं. काकी गरम गोड पातोळ्यांचं ताट घेऊन बाहेर आली आणि म्हणाली की सगळ्यांनी आत जेवायला चला.